विश्लेषण : पुस्तकांच्या व्यवसायात शिरायचे, पण शिकायचे कुठे? मुंबईच्या उपनगरांतील तरुणांपुढे पर्याय कोणते?

मराठी चांगले आहे, वाचनाची आवड आहे, मग प्रकाशनात काहीतरी कर, असा सल्ला घरोघरी दिला जातो. हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके कोणते काम, ते शिकवते कोण आणि त्यावर बोरिवली किंवा मुलुंडमध्ये घर चालते का, हे मात्र सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक नसते. पूर्वी हे काम एखाद्या जाणत्या संपादकाशेजारी बसून शिकले जाई. आता ती शेजारची खुर्चीच उरलेली नाही.

प्रकाशनात कामे असतात तरी कोणती?

लेखकाने दिलेली संहिता आणि दुकानातले पुस्तक यांच्यामध्ये किमान सहा-सात जणांचे हात लागतात. संहिता स्वीकारायची की नाही हे ठरवणारा संपादक, तिची डागडुजी करणारा दुसरा संपादक (लहान संस्थेत हे दोघे एकच), अक्षरजुळणी करणारा, मुद्रितशोधक, पाने लावणारा, मुखपृष्ठकार, छपाई-बांधणीवर लक्ष ठेवणारा निर्मितीप्रमुख आणि शेवटी विक्री, वितरण व हक्कांचे व्यवहार पाहणारा. आता त्यात ई-पुस्तकाची फाइल तयार करणारा आणि श्राव्य पुस्तकाची संहिता बेतणारा यांची भर पडली आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला यातला फक्त लेखक दिसतो. त्यामुळे प्रकाशनात यायचे म्हणजे लिहायचे, असा समज करून अनेक जण येतात. प्रत्यक्षात दिवसाचे सात-आठ तास दुसऱ्याचे लिहिलेले वाचणे, तेही मनाला न पटणारे असले तरी शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचणे, हे या व्यवसायाचे मुख्य काम आहे.

पूर्वी हे शिकले कसे जाई?

गिरगावातल्या खटाववाडीत. मौज प्रकाशन गृहाचे श्री. पु. भागवत आणि त्यांच्यासोबत ‘सत्यकथा’चे संपादन करणारे राम पटवर्धन यांनी लेखकांच्या काही पिढ्या घडवल्या, हे सर्वश्रुत आहे. लेखकांना लिहिलेली लांबलचक पत्रे, पुनर्लेखनाचा आग्रह आणि ‘साभार परत’चा धसका यांच्या आठवणी मराठी साहित्यात विपुल आहेत. त्या वातावरणात संपादकही घडत होते, याची चर्चा मात्र कमी झाली. मौजेचे संपादकीय काम आणि छापखाना यांच्यात फारसे अंतर नव्हते. संपादकाने केलेली दुरुस्ती जुळारी खिळ्यांत कशी बसवतो, एक शब्द वाढवला की ओळ कुठे ढकलली जाते, हे नवख्याला डोळ्यांनी दिसत असे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले.

इंग्रजी प्रकाशनातही मुंबईचा मान मोठा होता. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९१२ मध्ये भारतातली शाखा उघडली ती मुंबईत. पॉप्युलर १९२४ चे, जयको १९४६ चे. आज मात्र पेंग्विन रँडम हाऊस, हार्परकॉलिन्स, हॅशेट यांची भारतातली कार्यालये दिल्ली आणि गुरुग्रामच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे अंधेरीच्या तरुणाला इंग्रजी ललित पुस्तकांच्या संपादनात नोकरी हवी असेल, तर बहुतेक वेळा आधी घर सोडावे लागते. मराठीतल्या ललित आणि वैचारिक प्रकाशनाचे वजनही बऱ्याच अंशी पुण्याकडे झुकले आहे.

मग आता शेजारी बसून शिकणे का थांबले?

एक कारण तंत्राचे आहे. खिळ्यांची जुळणी गेली, संगणकावरची आली आणि छापखाना, जुळणीकार, संपादक एका छताखाली असण्याची गरज संपली. आज एखादे पुस्तक दादरच्या प्रकाशकाचे असते, जुळणी डोंबिवलीत होते, मुद्रितशोधन मुलुंडच्या एका घरात आणि छपाई आणखी कुठेतरी. फायली ईमेलने आणि व्हॉट्सॲपवर फिरतात. काम होते, पण चूक कुठे झाली आणि ती का चूक होती, हे नवख्याला सांगायला कुणी समोर नसते. दुरुस्त केलेली फाइल पुढे निघून जाते.

दुसरे कारण पैशांचे. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा ५०० ते १,००० प्रतींची असते. तेवढ्यात पगारी संपादक ठेवणेच जड जाते, तिथे शिकाऊ माणूस पोसणार कोण? त्यामुळे प्रकाशकाला तयार माणूस हवा असतो आणि तयार माणूस घडवण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. अनेक मुद्रितशोधक निवृत्त शिक्षक किंवा वृत्तपत्रांतून बाहेर पडलेले असत. ती पिढी आता थकली आहे. मराठी पुस्तकांत अलीकडे मुद्रणदोष फार, अशी वाचकांची तक्रार असते. तिचे मूळ इथे आहे. तक्रार रास्तच आहे, पण ती करणाऱ्यांनी पुस्तकाच्या किमतीत मुद्रितशोधकाचा वाटा किती असतो, हेही एकदा विचारून पाहावे.

अभ्यासक्रम अजिबातच नाहीत का?

आहेत, पण बहुतेक दूर किंवा इंग्रजीत. नॅशनल बुक ट्रस्ट ही १९५७ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था पुस्तक प्रकाशनाचा प्रशिक्षण अभ्यासक्रम घेते. दिल्लीत होणारा साधारण महिनाभराचा पूर्णवेळ वर्ग हा त्याचा मुख्य प्रकार. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पुस्तक प्रकाशनातील पदव्युत्तर पदविका घरी राहून करता येते. कोलकात्यात सीगल बुक्सने २०१२ मध्ये प्रकाशनाची स्वतंत्र शाळा सुरू केली. या तिन्ही ठिकाणी प्रकाशनाचा पूर्ण प्रवास समजतो, ओळखी होतात. मात्र ‘कवी’ दीर्घ असताना ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व का, हे तिथे कुणी शिकवणार नाही.

मुंबईत काय? विद्यापीठाच्या आणि संलग्न महाविद्यालयांच्या मराठी विभागांत ‘उपयोजित मराठी’ किंवा ‘व्यावहारिक मराठी’ या नावाखाली मुद्रितशोधनाचे एखादे प्रकरण असते. त्यात खुणांचा तक्ता पाठ होतो, प्रत्यक्ष ३०० पानांचे पुस्तक हातावेगळे करण्याचा सराव होत नाही. माध्यम अभ्यासक्रमांचा ओढा पत्रकारिता आणि जाहिरातीकडे असतो. शुद्धलेखन आणि मुद्रितशोधनाच्या कार्यशाळा अधूनमधून होतात. ‘मराठी लेखन-कोश’कार दिवंगत अरुण फडके यांनी अशा कार्यशाळांसाठी बरीच पायपीट केली. पण कार्यशाळा दोन-तीन दिवसांची असते आणि मुद्रितशोधकाचा डोळा तयार व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात.

मुद्रणाची तांत्रिक बाजू तुलनेने बरी आहे. सर जे. जे. कलाशाळेच्या परिसरात शासकीय मुद्रणतंत्र संस्था आहे. अंधेरी पूर्वेला १९६६ मध्ये स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, पण तिचा रोख नावाप्रमाणे वेष्टनावर. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा व्यवसाय आहे. तो जवळच्या आयटीआयमध्ये चालतो का, हे प्रवेशाच्या वेळी पाहून घ्यावे.

अक्षररचनेत मात्र उपनगरांच्या दारातच मोठे विद्यापीठ आहे. पवईच्या आयआयटीतील डिझाइन शाळा १९६९ पासूनची. र. कृ. जोशी यांनी तिथे शिकवले आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय संगणक केंद्रात असताना विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट घडवला. ‘टायपोग्राफी डे’ ही परिषद २००८ मध्ये पवईतच सुरू झाली. फोनवर मराठी वाचताना अनेकदा डोळ्यांपुढे येणारे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट ‘एक टाइप’ या मुंबईतल्याच चमूचे आहेत. इथली प्रवेशपरीक्षा अवघड आहे हे खरे. तरी चित्रकलेचा हात असलेल्या मुलाने प्रकाशनाचा हा दरवाजा नजरेआड करू नये.

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

अमेरिकेत रॅडक्लिफ महाविद्यालयात १९४७ मध्ये सुरू झालेला उन्हाळी प्रकाशन अभ्यासक्रम पुढे कोलंबिया विद्यापीठात गेला. ब्रिटनमध्ये संपादक आणि मुद्रितशोधकांची स्वतःची व्यावसायिक संस्था आहे. ती पायरीपायरीने परीक्षा घेऊन सदस्यत्वाचे दर्जे देते आणि २०२० पासून तिला ‘चार्टर्ड’ असा मान आहे. जर्मनीत पुस्तकविक्री आणि प्रकाशन या दोन्हींसाठी शिकाऊ उमेदवारीची पद्धत आहे. उमेदवार आठवड्यातले काही दिवस संस्थेत काम करतो, उरलेले शाळेत शिकतो आणि या काळात त्याला मानधनही मिळते. म्हणजे खटाववाडीत जे आपसूक घडत होते, ते त्यांनी नियमात बांधून टिकवले. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, पण दोन-चार माणसांवर चालणाऱ्या मराठी प्रकाशनसंस्था त्याच्या वाटेला जात नाहीत.

मराठीसाठी वेगळे असे काय शिकावे लागते?

खरी मेहनत इथेच आहे आणि कामाचा भावही इथेच ठरतो. साहित्य महामंडळाचे लेखननियम एकूण १८ आहेत, १९६२ मधले चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार. ते तासाभरात वाचून होतात. ते वापरताना मात्र पावलोपावली अडते. ‘दीन’ आणि ‘दिन’ दोन्ही शब्द बरोबर असल्याने ‘स्वातंत्र्य दीन’ असे छापले गेले, तर संगणकाच्या तपासनीसाला त्यात काही वावगे दिसत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. ‘आचार्यांनी प्रवचन दिले’ आणि ‘आचाऱ्यांनी पुरणपोळ्या केल्या’ या दोन वाक्यांत र-काराच्या आकाराची अदलाबदल झाली, तर प्रवचन स्वयंपाकघरात जाते. मराठीचा हा चंद्रकोरीसारखा अर्धा र काही जुन्या फाँटांत आणि कळफलकांत धड उमटत नाही, म्हणून तो डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो.

दुसरा भाग फाँटांचा. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आज्ञावली अशा जुन्या पद्धतींत जुळवलेली हजारो पुस्तके प्रकाशकांच्या कपाटांत आहेत. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. नवी आवृत्ती किंवा ई-पुस्तक काढायचे तर मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरे फुटतात, अवतरणचिन्हे उलटतात. म्हणजे सगळे पुस्तक पुन्हा नव्याने तपासणे आले. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढची काही वर्षे पुरेल एवढे आहे. ज्याला इनस्क्रिप्ट कळफलक, इनडिझाइन आणि युनिकोड या तिन्हींची जाण आहे, त्याला नुसत्या शुद्धलेखनवाल्यापेक्षा आधी बोलावले जाते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांत छापले जाते. मजकूर २०० पानांचा झाला, तर तो साडेबारा फर्मे होतो. मग एकतर आठ पाने कापून १९२ वर आणायचा किंवा आठ वाढवून २०८ करायचा. कुठला परिच्छेद सैल आहे, कुठे चित्र टाकता येईल, परिशिष्ट घालावे का, हे लेखकाला न दुखावता सुचवणे म्हणजे संपादन. प्रास प्रकाशनाच्या अशोक शहाणे यांनी १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. प्रासची पुस्तके निर्मितीसाठी आजही हाताळून पाहिली जातात, याचे कारण काढणाऱ्याला कागद, अक्षर आणि कविता तिन्ही कळत होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम जाणार का? ऱ्हस्व-दीर्घाच्या ढोबळ चुका यंत्र आता पूर्वीपेक्षा बऱ्या पकडते. पण मालवणी संवाद ‘सुधारून’ प्रमाण करून टाकणे, लेखकाने मुद्दाम मोडलेले वाक्य सरळ करणे, हेही ते तितक्याच आत्मविश्वासाने करते. त्यामुळे यंत्राने सुचवलेले काय नाकारायचे, हे समजणारा माणूस लागतोच.

उपनगरांतच काम मिळू शकते का?

मिळते, मात्र त्यावर नेहमी ‘प्रकाशन’ अशी पाटी नसते. २००२ मध्ये सुरू झालेली आणि अंधेरीतून वाढलेली कॅक्टस कम्युनिकेशन्स जगभरच्या संशोधकांचे शोधनिबंध संपादित करून देते. अशा कामाला विज्ञान शाखेचे, इंग्रजी नेटके असलेले पदवीधर लागतात, निवड चाचणी घेऊन होते आणि बरेचसे काम घरून करता येते. जीवशास्त्र, वैद्यक झालेल्यांसाठी पुस्तकांच्या जवळची ही सर्वांत स्थिर वाट म्हणायला हवी.

दुसरी वाट शैक्षणिक प्रकाशनाची. बालभारतीची पाठ्यपुस्तके बदलली की मार्गदर्शके, स्वाध्यायपुस्तिका, प्रश्नसंच सगळेच नव्याने काढावे लागतात. राज्यात नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके २०२५ पासून इयत्तावार येऊ लागली आहेत. गणित-विज्ञान मराठी आणि सेमी-इंग्रजीत तपासू शकणाऱ्याला इथे हंगामी का होईना, भरपूर काम असते. साहित्यप्रेमी नाक मुरडतात, पण अनेक चांगल्या मुद्रितशोधकांचा हात गाइडांवरच बसलेला असतो.

तिसरी वाट अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंतून जाते. मालिका-चित्रपटांची मराठी उपशीर्षके, डबिंगच्या संहिता, श्राव्य पुस्तके. स्टोरीटेलने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात पाऊल ठेवले तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. डोळ्यांसाठी लिहिलेले वाक्य कानासाठी कापायचे, हे संपादनाचेच कौशल्य आहे. मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरचा माणूस अर्ध्या तासात अंधेरीत पोहोचतो. चर्नी रोडला जाण्यापेक्षा ते नक्कीच सोपे.

कायद्याची माहिती कशाला हवी?

कारण ती असलेला माणूस लहान प्रकाशकाला फार उपयोगी पडतो. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी करार हवा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वात किंवा वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क त्यात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. श्राव्य पुस्तके आल्यावर जुन्या करारांचे कागद बाहेर निघाले ते अशा प्रश्नांमुळे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होते, हेही ठाऊक हवे.

आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. तो ‘मिळवून देण्याचे’ पैसे नवलेखकाकडून कुणी मागत असेल, तर ते अर्ज भरण्याच्या श्रमाचे आहेत एवढे समजावे. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले आहे. त्यातले एक मुंबईच्या टाऊन हॉलमधले.

पैशांचे काय?

मुद्रितशोधन आणि जुळणीचे दर पानावर किंवा फर्म्यावर ठरतात. सर्वमान्य दरपत्रक नाही, त्यामुळे नवख्याला कमीत कमी दर सांगितला जातो आणि तो घेतोही. पहिले वाचन, दुसरे वाचन आणि दुरुस्त्या तपासणे ही तीन वेगळी कामे आहेत. ती एकाच दरात धरली जात नाहीत ना, हे आधी विचारावे. पानावर शब्द किती, हेही पाहावे. डेमी आकारातले दाट पान आणि बालपुस्तकातले चार ओळींचे पान यांची मजुरी एक कशी असेल?

बिल थकणे हे या व्यवसायाचे जुने दुखणे. त्यावर एक उपाय फारसा वापरला जात नाही. घरून काम करणारा मुद्रितशोधकही केंद्र सरकारच्या उद्यम संकेतस्थळावर सूक्ष्म उद्योग म्हणून विनाशुल्क नोंदणी करू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सेवापुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. दोन-पाच हजारांसाठी प्रकाशकावर दावा कुणी लावत नाही, हे खरे. पण बिलावर उद्यम क्रमांक असला की फोन उचलला जातो.

सुरुवात कशी करावी?

प्रकाशक सहसा पदवी पाहत नाहीत, नमुना पाहतात. पाच-दहा पाने देतात आणि तपासून आणायला सांगतात. त्यात चुका किती पकडल्या याइतकेच कुठे हात लावला नाही, हे पाहिले जाते. नवखा माणूस लेखकाची शैलीच पुसून टाकतो. जाणता माणूस शंका असलेल्या जागी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून सोडतो.

या चाचणीची तयारी घरी होऊ शकते. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयातून एकाच पुस्तकाची जुनी आणि नवी आवृत्ती आणून ओळीला ओळ लावून पाहावी. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ अशा संस्थांची ग्रंथालये त्यासाठी सोयीची आहेत. दोन्ही आवृत्त्यांतले फरक वहीत टिपून ठेवावेत आणि प्रत्येक बदलापुढे तो का केला असेल, याचे कारण लिहावे. कोश आणि नियमांचे पुस्तक हाताशी ठेवून असे एक २०० पानांचे पुस्तक पुरे केले की ती वही घेऊन प्रकाशकाकडे जाता येते. जाण्याआधी फोन करावा. दिवाळी अंकांच्या तोंडावर, ऑगस्ट-सप्टेंबरात, मुद्रितशोधकांची सर्वांत जास्त ओढाताण असते आणि नव्या माणसाला दहा पाने देऊन पाहायला तेव्हाच कुणी तयार होते.